कार्डात न मावलेलं गाव

नांदेडमध्ये माझं संगणक जोडून द्यायचं दुकान आहे. सुरुवातीच्या दिवसांत गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचं आणि विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायचे, "हायत की, बसा," आणि त्यांच्याच मशीनचं झाकण उघडायला घ्यायचे. मशीन सुरू झालं की मालक कोण हे त्यांना आपोआप कळायचं. परत विचारायची वेळ कुणावर आली नाही.

आता तो प्रश्न संपला. आता जो येतो तो मोबाइलवर दोन ग्राफिक कार्डांचे फोटो शेजारी शेजारी लावून आणतो आणि म्हणतो, "ताई, या दोन्हींत भारी कोणतं?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. संगणकात चित्र काढायचं काम करणारा एक वेगळा कारागीर असतो, तो म्हणजे ग्राफिक कार्ड. अर्ज टाइप करायला किंवा रेल्वेचं तिकीट काढायला त्याची गरज नसते. पण लग्नाचा व्हिडिओ जोडायचा असेल, गेम खेळायचा असेल, न बांधलेलं घर पडद्यावर उभं करून त्यात फिरायचं असेल, तर तो लागतोच. वहीएवढी लांब पट्टी, तिच्यावर चिप, चिपवर पंखे, आणि किंमत ऐकली की सोबत आलेले वडील खुर्चीत बसतात.

कार्ड निवडताना लोक काय काय बघतात! नायगावच्या एका फोटोग्राफरसमोर मी दोन कार्डं ठेवली आणि बराच वेळ समजावत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही कार्डं उलटी केली आणि पंखे मोजले. एकाला दोन, एकाला तीन.

"तीन पंख्यांचं द्या."

"दादा, आतली चिप दोन्हींत एकच हाय."

"असू द्या. उन्हाळा आमच्या नायगावचा हाय ना."

मी तीन पंख्यांचं बांधून दिलं. त्यांचं कार्ड मे महिन्यातही थंड चालतं, हेही कबूल करते. माहूरला गडाच्या रस्त्यावर पूजासाहित्याचं दुकान असलेल्या एका गृहस्थांना रंगीत दिवे लागणारं कार्डच हवं होतं. त्यांच्या मशीनवर दुकानातल्या कॅमेऱ्याशिवाय काही चालत नव्हतं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ते घेतलं, मशीनच्या डब्याची काचेची बाजू रस्त्याकडे केली आणि गेम खेळायचं ते कार्ड तोरणासारखं लावून टाकलं.

अशा माणसांना मी मनातल्या मनात हसायचे. आपल्याला यातलं कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडली लातूरच्या वैजनाथ बिराजदारांमुळे.

वैजनाथ पंचेचाळिशीच्या आसपासचे. लातूरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतात. बायकोचं माहेर नांदेडचं, त्यामुळे माझ्या दुकानाचं नाव त्यांच्या कानावर आलेलं. हळू बोलणारा माणूस. प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा.

"ताई, दोन कार्डं बगून आलोय. एक नवीन निघालंय, आठ जीबीचं. दुसरं त्याच्या आधीच्या पिढीचं, पण बारा जीबीचं. किंमत सारखीच. काय करावं?"

मी विचारलं, "काम कसलं?"

ते थांबले. "घरांचं ड्रॉइंग. थ्रीडी."

एवढंच म्हणाले, आणि मी एवढ्यावरच भागवलं.

त्या दोन कार्डांतला फरक मी त्यांना ज्या शब्दांत सांगितला, त्याच शब्दांत इथे सांगते. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक करणारीचा हात किती झपाझप चालतो, तो कार्डाचा वेग. आणि ओटा केवढा, ती कार्डाची मेमरी. नवीन कार्डाचा हात फार चपळ, वीज कमी खाणारा, तापत नाही, ओटा मात्र आठ जीबीचा. जुन्या कार्डाचा हात सावकाश, वीज जास्त, लांबीही जास्त, पण ओटा ऐसपैस. रोजच्या दोन भाज्या आणि पोळ्या करायच्या तर मोठा ओटा काय करायचा? चपळ हातच घ्यावा.

माझ्याकडे दोन्ही कार्डं होती. नवीन कार्डाचा बंद खोका होता आणि जुन्या पिढीचं माझ्या दुकानातल्या दाखवायच्या मशीनमध्ये बसवलेलं. मी वैजनाथांसमोर चाचण्या लावल्या. गेम चालवला, एका सेकंदात किती चित्रं उमटतात ते दाखवलं. एका तयार घराचं थ्रीडी चित्र दोन्हींवर काढलं. प्रत्येक वेळी नवीन कार्ड पुढे. मी वहीत रकाने आखले, वेग, वीज, उष्णता, लांबी, सगळं लिहिलं आणि खाली रेघ मारून मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नवीनच घ्या." ते पान फाडून नव्या कार्डाच्या खोक्यासोबत त्यांच्या हातात दिलं. माझ्या अक्षराचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"ताई, गाव निम्मंच येऊन राहिलंय."

"कोणतं गाव?"

मग त्यांनी सांगितलं. किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव भूकंपात गेलं तेव्हा ते शाळकरी होते. आई आणि धाकटी बहीण गेली. ते आणि वडील वाचले. पुढे गाव नवीन जागेवर वसलं. सरळ रस्ते, एकासारखं एक घर. जुन्या जागेवर बाभळी माजल्या. गेली काही वर्षं वैजनाथ सुट्टीच्या दिवशी त्या बाभळींत जाऊन उरलेल्या भिंतींचे, दगडांचे फोटो काढत होते आणि घरी येऊन पडद्यावर एकेक घर उभं करत होते. कुठे कुणाचं घर, दार कोणत्या अंगाला, ओटा किती उंच, हे सगळं वडिलांच्या तोंडून. वडिलांना ते अण्णा म्हणतात.

"अण्णांना काचबिंदू हाय ताई. नळीतून बगितल्यासारखं मधलं तेवढं दिसतंय. डॉक्टर म्हणले, गेलंय ते येत न्हाई, अन् राहिलंय ते किती दिवस टिकंल सांगता येत न्हाई. दिसतंय तवर दाखवायचं हाय. मारुतीच्या देवळापर्यंत गाव नीट चालतंय. खालची आळी जोडली की मेमरी कमी पडली म्हणून सगळं बंद पडतंय. आमचं घर खालच्या आळीला हाय."

फोन कानाला धरून मी माझ्या दाखवायच्या मशीनकडे बघत राहिले. आत जुनं बारा जीबीचं कार्ड चालू होतं. हा माणूस दोन भाज्या करणारा नव्हताच. गावजेवण घालायला निघाला होता, आणि त्याला मी हातभर ओटा दिला होता.

पण चूक कबूल करायला मला अजून थोडा वेळ लागला. मी धंद्यातला नेहमीचा तोडगा सांगितला. चांगला दगडाचा एक फोटो निवडा आणि तोच सगळ्या भिंतींना लावा. प्रत्येक भिंतीला वेगळा फोटो लावला की मेमरी खाल्ली जाते. एकच लावला की भार एकदम हलका होतो. सगळे असंच करतात आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"चाललं ताई. अख्खं गाव चाललं."

"मग झालं की!"

"न्हाई झालं. अण्णा म्हणले, ही भिंत आपली न्हाई."

"एवढं कमी दिसत असताना?"

"अण्णा गवंडी हुते ताई. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. ते म्हणले, एका भिंतीतले दगड दुसऱ्या भिंतीत कसे येतील?"

फोन ठेवला आणि माझ्या मशीनचं झाकण उघडलं. ते जुनं कार्ड तोवर बाजारात नवं मिळेनासं झालं होतं. माझ्याकडचं एकच होतं. ब्रशने त्याची धूळ काढली, पिशवीत घातलं, वरून टॉवेल गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूरला निघाले. वाटभर ते मांडीवर होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देव हाय का?" मी म्हटलं, "न्हाई, मशीनचा भाग हाय." त्यांनी तरी पाय जवळ घेतले.

वैजनाथांचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मशीन, आणि समोर लोखंडी खुर्चीत अण्णा. उंच, वाळलेले, हातांची बोटं जाडजूड. मी नमस्कार केला तर त्यांनी मान जरा तिरकी करून मला त्यांच्या नजरेच्या त्या नळीत धरलं.

"तुम्हीच का ते लहान कार्ड दिलेल्या बाई?"

"व्हय, मीच."

"बदलायला आलाव का?"

"व्हय."

"मग बरंय," म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. जुनं कार्ड लांब, आणि वैजनाथांचा डबा आखूड. हार्ड डिस्क बसवायचा पत्र्याचा सांगाडा मध्ये येत होता. तो काढला, डिस्क खाली दुसरीकडे बसवली. वीज पुरवणारा भागही या कार्डाला कमी पडेल अशी मला शंका होती, म्हणून जास्त ताकदीचा मी सोबतच आणला होता, तोही बसवला. घामाच्या धारा लागल्या होत्या. वैजनाथ हातात टॉर्च धरून उभे, आणि अण्णा मध्येच विचारत, "बसलं का? रेटू नका बरं का. रेटून बसवलेलं टिकत न्हाई."

मग मी जी चाचणी नांदेडला करायला हवी होती ती लातूरला केली. त्यांचंच गाव, तोच कोपरा, आधी नव्या कार्डावर आणि मग जुन्यावर. मारुतीपर्यंतचं गाव नव्या कार्डाने झटकन उमटवलं. त्याच कामाला जुन्याने एवढा वेळ घेतला की आतला चहा उकळून बाहेर आला. माझ्या वहीतले आकडे खोटे नव्हते. मग वैजनाथांनी प्रत्येक भिंतीचे आपले स्वतःचे फोटो परत लावले आणि खालची आळी जोडली. नव्या कार्डावर हे करताना पडदा गोठायचा. जुन्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही. पंखे जोरात फिरायला लागले. आणि मग एकेक करून खालच्या आळीची घरं उभी राहिली. दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद, भिंतीला टेकलेली शिडी.

वैजनाथांनी अण्णांची खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर ओढली. कीबोर्डवरचे बाण दाबत ते हळूहळू गल्लीतून पुढे जायला लागले. अण्णा मान तिरकी करून बघत होते.

"थांब. मागं घे. खाली... आजून खाली."

पडद्यावर एका भिंतीचा पायथा आला. अण्णांनी बोट लावलं. तिसऱ्या थरात एक काळा दगड होता, इतरांपेक्षा गुळगुळीत.

"ह्यो नदीतला हाय. तुझ्या आईनं आणलावता धुणं आपटायला. मी भितीत घातला म्हणून आठ दिवस बोलली न्हाई माज्याशी."

वैजनाथ माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं." आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मी आतल्या खोलीत पाणी प्यायला गेले. तहान लागली नव्हती.

नवीन कार्ड मी परत घेतलं, जुनं तिथेच ठेवलं. माझं दाखवायचं मशीन आता नव्या कार्डावर चालतं आणि गेमवाल्या पोरांना ते फार आवडतं. अदलाबदल झाली, विषय मिटला. माझी चूक मात्र मी आजही विसरलेले नाही. मी त्यांना काम कसलं हे विचारलं होतं. त्या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारायचा होता, तो विचारला नाही. आता विचारते. गिऱ्हाइकं कंटाळतात. कंटाळू देत.

पुढे दोन महिन्यांनी वैजनाथांनी बोलावणं पाठवलं. नव्या गावात, समाजमंदिरात, सकाळी दहा वाजता जुनं गाव दाखवायचं होतं. मशीनला काही झालं तर माणूस हवा म्हणून मी गेले, असं मी घरी सांगितलं.

शाळेतून मोठा टीव्ही आणला होता. पुढे सतरंजीवर म्हातारी माणसं, मागे खुर्च्यांवर त्यांची मुलं-सुना. काही जण यायलाच तयार नव्हते म्हणे. वैजनाथांनी वेशीपासून सुरुवात केली. मारुतीच्या देवळापर्यंत कुणी बोललं नाही. मग एक आजोबा एकदम म्हणाले, "ए, ही बाभळ कुठनं आली इथं? लिंब हुता." दुसरे म्हणाले, "लिंब पुढं हुता." आणि बघता बघता समाजमंदिरात असा कालवा सुरू झाला की वैजनाथांना वही काढून लिहून घ्यावं लागलं. एक आजी म्हणाली, "बाबा, एवढं सगळं करून राहिलास तर माझ्या दारात एक नळ बसव. आडावरनं पाणी आणून मान मोडली माझी." लोक हसले. वैजनाथ म्हणाले, "आजी, तवा नळ कुठं हुता?" आजी म्हणाली, "नव्हता म्हणूनच म्हणते ना!"

अण्णा पुढे खुर्चीवर बसले होते. इतका वेळ ते हसले नव्हते, बोलले नव्हते. भूकंपानंतर त्यांनी थापी आणि ओळंबा पुन्हा हातात धरला नाही, हे मला वैजनाथांनी येताना सांगितलं होतं. साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून त्यांनी उरलेली वर्षं नोकरी केली. ज्या भिंतींखाली माणसं गेली त्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि याबद्दल गावातल्या कुणी त्यांना एक शब्द विचारला नव्हता. त्यांनीही कुणाला विचारू दिला नव्हता.

"वैजू," अण्णा म्हणाले, "या भितींत आरपार दगड घाल."

वैजनाथांना कळलं नाही. अण्णांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. "भितीला दोन अंगं असतेत. भायेरचं येक, आतलं येक. मधी माती. दोन्ही अंगाला धरून ठेवणारा लांब दगड पायजे, दर दोन हातांवर. आम्ही घातले न्हाईत. आम्हाला कुणी सांगितलं न्हाई, अन् आम्ही इचारलं न्हाई."

कालवा थांबला.

"अण्णा," वैजनाथ हलकेच म्हणाले, "आतले दगड चित्रात दिसत नसतेत."

"नगं दिसू दे. तू घाल."

वैजनाथ खाली बसले, माउस हातात घेतला. "कुणाच्या घरापासून धरू?"

"मथुरेच्या."

सतरंजीवर दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईंकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मथुराबाई, सत्तरीच्या, डोक्यावर पदर. शेजारच्या खुर्चीवरच्या एका सुनेने माझ्या कानाशी सांगितलं की त्यांचे मालक भूकंपात त्या घरात गेले. भिंत अण्णांच्या हातची. नव्या गावात अण्णांचं आणि त्यांचं घर एका रस्त्यावर, पण लातूरला मुलाकडे जाईपर्यंत अण्णा कधी त्यांच्या दारावरून गेले नाहीत. लांबच्या रस्त्याने जायचे.

पडद्यावर मथुराबाईंचं घर आलं. वैजनाथांनी भिंत कापून आतली माती दाखवली आणि पहिला लांब दगड दोन्ही अंगांच्या मध्ये सरकवला. मग दुसरा. अण्णा मान तिरकी करून मोजत होते. पंखे गरगरत होते, पण कार्डाने तक्रार केली नाही. पंधरावीस दगड झाले तेव्हा मथुराबाई बोलल्या.

"घाला भाऊ, घाला. पर घालायलाच बसलाव तर ती चौकट तेवढी चार बोटं वर घ्या."

अण्णांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कामून?"

"आमचे मालक उंच हुते. रोज डोकं आपटायचं, अन् रोज तुमच्या नावानं शिव्या."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. पहिले हसले ते अण्णा. खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला, मग डोळे पुसावे लागले. "मला म्हणायचा की त्यो," ते म्हणाले, "गवंडी बुटका असला की असंच हुतं म्हणायचा. मी त्याच्याएवढाच उंच, तरी म्हणायचा." मग वैजनाथांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चार बोटं नगं. चांगली वीतभर वर घे."

वैजनाथांनी चौकट धरली आणि वर ओढली. भिंतीतले दगड आपोआप बाजूला सरकले, दार उंच झालं. मथुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, टीव्हीजवळ गेल्या, आपला हात वर करून दाराची उंची मापून बघितली आणि मागे वळून अण्णांना म्हणाल्या, "आता निघतील बगा ताठ मानेनं."